बॉनेट उघडता यायचं तेव्हा

मोर्शी-वरूड रस्त्यावर आता गाड्या पुष्कळ, पण सगळ्या एकसारख्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तसं नव्हतं. जीप कोणाची आहे, हे नंबर न वाचताही लांबून कळायचं.

त्याला कारण होतं. १९८३ साली मारुती येईपर्यंत अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि जीप एवढाच काय तो मुख्य पसारा. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मग मिळेल ती जुनी गाडी घ्यायची आणि आपल्या कामाजोगी करून घ्यायची. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा कितीतरी जीपगाड्यांमध्ये डिझेल इंजिनं बसली. आमच्या काकांच्या जीपमध्येही बसलं. "भाऊ, आवाज जरा करन, पण खिशाले परवडन," असं मिस्त्री म्हणाला होता. आवाज जरा नव्हता; गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की काकू चहा टाकत. पुढे मागचा सांगाडा वाढवून समोरासमोर दोन बाकं आली, वर ताडपत्रीचा हूड, संत्र्याच्या पेट्यांसाठी कॅरियर. स्टिअरिंगला रंगीत वेणी मात्र काकूंची हौस.

या आठवणी गोड आहेत, म्हणूनच जरा जपून सांगायला हव्यात. सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला त्याच जीपमध्ये आम्ही वीस जण कोंबलेले असू. मागच्या चाकांच्या पलीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही, हे शास्त्र आम्हाला एका उतारावर कळलं. गाडी कलंडली, चुलत बहिणीचा हात मोडला. पुढच्याच आठवड्यात काकांनी वाढवलेला भाग कापायला लावला.

म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही असा निर्वाळा दिला, तेव्हा मला तरी वाईट वाटलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं.

हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. तेव्हा बॉनेट उघडलं की बिघाड डोळ्यांना दिसायचा. मिस्त्री कानाने ओळखायचा. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गावातला चांगला कारागीरही हात वर करतो. आत काय बिनसलंय ते वाचणारं यंत्र नि त्याची माहिती त्याच्याकडे नसते. मग अमरावती गाठा. केंद्राने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारगाड्या आणि शेतीची यंत्रंही आहेत. गाडीची रचना बदलू देऊ नका, कबूल. पण मोर्शीतल्या मिस्त्रीला ती दुरुस्त करता आली पाहिजे, सुटे भाग आणि माहिती त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. ग्राहकांनी हे गाडी घेतानाच विचारायला लागावं. आपण मात्र विचारतो ते अ‍ॅव्हरेज आणि रंग.

काकांनी कापून काढलेल्या भागातलं एक बाक पुढे कितीतरी वर्षं संत्र्याच्या बगीच्यात, विहिरीजवळ पडून होतं. तोडणीच्या दिवसांत बाया त्यावर शिदोऱ्या ठेवत.