दंड सरकारला, नागरिकाला काय?

म्हापशात सिमकार्ड घ्या, पणजीत कर्जाची चौकशी करा किंवा कळंगुटच्या हॉटेलात खोली मागा. ओळखपत्र पुढे करावेच लागते. ते परत मिळते, परंतु त्यावरील माहिती कोणाकोणाच्या संगणकात शिरली हे कळत नाही. चार दिवसांनी एखादा अनोळखी इसम फोनवरून आपणांस नावानिशी हाक मारतो, तेव्हा कोठेतरी पाणी मुरते आहे एवढेच उमगते. अशा वेळी दाद मागावी कोणाकडे?

खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांनुसार 'डेटा प्रोटेक्शन बोर्ड'ची तरतूद तत्काळ अमलात आली. पण नागरिकाचे हक्क आणि त्याच्या तक्रारीची चौकशी करण्याचा बोर्डाचा अधिकार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाचा, असे ठरले.

ही वाट नीट समजून घेतली पाहिजे. थेट बोर्डाकडे जाता येणार नाही. ज्या संस्थेने माहिती घेतली तिच्याकडेच प्रथम तक्रार करावी लागेल. तिला उत्तरासाठी जास्तीत जास्त ९० दिवसांची मुदत आहे. समाधान झाले नाही तरच बोर्डाचे दार उघडते, आणि तेही संगणकावरून. म्हणून तक्रारीची तारीख, पोच आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. बोर्डाचा निर्णय अमान्य असल्यास ६० दिवसांत अपील करता येते. खोट्या तक्रारीला मात्र १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती घेण्यापूर्वीची सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येते. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्यात आहेत. हा हक्क आपण बजावलाच पाहिजे.

परंतु कायद्याचे खरे वैगुण्य पुढेच आहे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो सारा जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती छदामही नाही! बँकेचा तपशील किंवा आरोग्यविषयक माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे तो दावा चालतो. नवा कायदा पूर्णपणे लागू होताच हे कलमही रद्द व्हावयाचे आहे. एक दार उघडताना दुसरे बंद करण्याचा हा न्याय आम्हांस अजब वाटतो.

भरपाईची तरतूद नव्या कायद्यात आणण्यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत आवाज उठविला पाहिजे. राज्य शासनानेही संगणकाशी परिचय नसलेल्या वृद्धांसाठी पंचायतींत व पालिकांत तक्रार लिहून देण्याची व्यवस्था करावी. कोणाचे पैसे लुबाडले गेले असतील, तर त्याने बोर्डाची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. हक्क कायद्याने मिळाला, हे उत्तमच झाले. पण ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळत नसेल, तर सामान्य माणसाने तक्रारीचा खटाटोप करावा तरी कशासाठी?