मुंबईंतील खोली आणि सहा महिन्यांचें कर्ज

गिरगांव, लालबाग, परळ येथील चाळींतल्या खोल्यांचे सौदे पुष्कळदां जाहीर न होतां कानोकानीं होतात. दलाल म्हणतो, "चाळ लवकरच पडणार, टॉवर उठणार, आज पागडीनें खोली घ्या, उद्यां मालकीचा फ्लॅट मिळेल." पैसे नाहींत म्हटलें तर सावकारही तोच आणून उभा करतो. मुदत सहा महिने, व्याज दरमहा शेंकडा तीन, आणि तारणाला गांवची जमीन! राहावयास नव्हे, किंमत वाढेल एवढ्याच आशेवर आमचे शेतकरी व कारागीर बंधु ह्यांत उतरूं लागले आहेत.

पागडीच्या खोलींत आपण मालक होत नाहीं, भाडेकरू होतों. घरमालकाच्या संमतीवांचून भाडेहक्क आपल्या नांवावर चढत नाहीं, आणि संमतीसाठीं तो रकमेंतला मोठा हिस्सा मागतो. 1947 च्या भाडेकायद्याखालीं पागडी घेणें गुन्हाच होता. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानें तिला मान्यता दिली. पण भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असावा, असेंही तोच कायदा सांगतो. दलालाच्या स्टँपकागदावर पैसे मोजणाऱ्यानें दाद कोठें मागावी? मालकी नाहीं म्हणून बँका अशा खोलीवर सहसा कर्ज देत नाहींत. बँक जेथें हात आंखडते तेथें आपण वडिलांची जमीन पुढें करावी, हें शहाणपण कोणतें?

आतां हिशेब करा; चौथीचें पोरही करील. दहा लाखांवर महिना 30,000, सहा महिन्यांत 1,80,000. चाळ जागची हललेली नसते. महिन्याचें व्याज मुदलांत मिळवीत गेलें तर वर्षाअखेर आंकडा 14,25,000 च्या वर जातो. आणि चाळ पडते केव्हां? वरळीच्या बी. डी. डी. चाळींचें काम सरकारनें स्वतः हातीं घेतलें. भूमिपूजन 2017 सालीं झालें आणि पहिल्या घरांच्या किल्ल्या 2025 च्या ऑगस्टांत मिळाल्या. सरकारच्या कामाला जेथें आठ वर्षें लागलीं, तेथें खाजगी बिल्डर सहा महिन्यांत काय उभें करणार!

खोलीच्या ओढीला मात्र आम्ही हंसणार नाहीं. 1982 च्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार उतरले आणि त्यांतले कितीतरी कायमचे देशोधडीला लागले. ज्या परळांत आजा राबला तेथें नातवाला पाय ठेवावयास जागा हवीशी वाटली तर त्यांत गैर काय? ह्याच ओढीवर सावकार टपलेला असतो.

त्याची युक्तिही जुनीच. गहाणाऐवजीं खरेदीखत लिहून घ्यावयाचें आणि "पैसे फेडलेस कीं जमीन परत" असें तोंडीं सांगावयाचें. अशाच कागदांनीं गांजलेल्या कुणब्यांनीं 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें सावकारांच्या वह्या व रोखे जाळले; त्यावर 1879 सालीं सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. तेव्हां सावकार परका दिसे, आज तो पुष्कळदां भावकींतलाच असतो, गळ्यांत हात घालतो, आणि आपल्याच जातीच्या मेळाव्यांत पुढच्या खुर्चीवर बसतो. जातीचा म्हणून त्याला सोडूं नये.

2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणाऱ्याला पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परवानेवाल्यालाही मुदलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. आपल्या वाडवडिलांची दामदुपट ती हीच. अवैध सावकारींत गेलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. गांवांत कोणाकडे असा कागद असेल, तर त्याची नक्कल व व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या घेऊन त्यानें मुदत उलटण्याची वाट न पाहतां तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरींत जावें.