किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती?

येडशीच्या रुळांवरून आज ब्रॉडगेजची गाडी जाते. त्यापूर्वी जवळजवळ शतकभर या मुलखाला बाहेरच्या जगाशी जोडले ते बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी लोहमार्गाने. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झालेला हा मार्ग १९११ मध्ये लातूरला पोहोचला. त्याचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एक शिस्त कटाक्षाने पाळली होती. इंजिन असो वा वाघीण, चाकांच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. या एका नियमामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात राहिला आणि कोणतीही वाघीण मार्गावर कोठेही नेता आली. तो मार्ग आतून एकसंध होता. पण कुर्डुवाडीला पोहोचताच ही एकसंधता संपत असे. तेथे सगळा माल छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भरावा लागे. आतली सोय आणि बाहेरची अडचण ही एकाच निर्णयाची दोन अपत्ये होती.

कार्यालयातील सर्व्हर आणि टेबलावरचे संगणक यांचा कारभार एकाच सूत्रात बांधणारे सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रश्न आज ज्यांच्यापुढे उभा आहे, त्यांनी हा जवळचा इतिहास विसरू नये. हा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या कंपन्यांपुरता उरलेला नाही. तालुक्याची पतसंस्था, पाच-सात शाळा चालविणारी शिक्षणसंस्था, गावची विकास सोसायटी या सर्वांच्या कचेऱ्यांतून यंत्रे आली आहेत. ती आली मात्र एकेक करून, वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या दुकानांतून. विषाणूप्रतिबंधक सॉफ्टवेअर एका व्यापाऱ्याचे, हिशेबाचे दुसऱ्याचे, आणि माहितीची राखीव प्रत म्हणावी तर लिपिकाच्या खणातील पेन ड्राइव्हमध्ये. कोणत्या यंत्रावर काय चालते, याची नोंदवही बहुधा नसतेच. खुर्च्या-टेबलांची जडवस्तूसंग्रह नोंदवही मात्र अद्ययावत असते, कारण ती लेखापरीक्षक मागतात.

अशा स्थितीत सर्व यंत्रांची यादी, त्यांच्या दुरुस्त्या, राखीव प्रती, कोणी काय उघडावे याचे अधिकार आणि दुरून मदत हे सारे एकाच पडद्यावरून सांभाळणारी व्यवस्था हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. ते योग्यही आहे. याचा पुरावा पाहावयाचा तर २०१७ च्या मे महिन्याकडे पाहावे. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने १२ मे रोजी जगभर धुमाकूळ घातला. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच उपलब्ध करून दिली होती. औषध दोन महिने दुकानात होते, पण घरोघर ते नेऊन पाजणारे कोणी नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. आपल्याकडील कोणती यंत्रे त्यात मोडतात, हे ज्या कचेरीला सांगता येत नाही, तिची गत वेगळी होण्याचे कारण नाही. ज्या गावात तज्ज्ञ माणूस आठवड्यातून एकदाही फिरकत नाही, तेथे तर एकसूत्री व्यवस्थेची गरज शहरापेक्षा अधिक आहे.

मग अडचण कोठे आहे? जी व्यवस्था प्रत्येक यंत्राचे दार उघडू शकते, तिच्या हाती सर्व किल्ल्या असतात, ही ती अडचण होय.

वॉनाक्रायनंतर दीडच महिन्यांनी, २७ जून २०१७ रोजी, न्हावाशेवा येथे जे घडले ते या दृष्टीने मुळातून समजून घेण्याजोगे आहे. युक्रेनमधील व्यापारी कर आणि हिशेब यांसाठी ‘एम.ई.डॉक’ हे सॉफ्टवेअर वापरीत. त्याच्या नव्या आवृत्त्या ज्या वाटेने ग्राहकांकडे जात, ती वाटच हल्लेखोरांनी ताब्यात घेतली. म्हणजे कोणाचे कुलूप फोडावे लागले नाही. विश्वासाने उघडलेल्या दारातून विष आत गेले. त्या देशात कार्यालय असलेली मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिचे सर्वत्र जोडलेले जाळे काही तासांत कोसळले. जवाहरलाल नेहरू बंदरातील तिचे टर्मिनल ठप्प झाले आणि कंटेनरचे ट्रक खोळंबले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितल्यानुसार ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कोणाला कोणते अधिकार आहेत याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या अनेक प्रती कंपनीने ठेवल्या होत्या. पण त्या सतत एकमेकींशी जुळवून घेत असल्यामुळे एकदमच पुसल्या गेल्या. वाचली ती एक घानातील, आणि तीही तेथे नेमकी वीज गेल्यामुळे बंद पडलेली होती म्हणून! भारनियमनाचे असे उपकार मराठवाड्याच्या वाट्याला आल्याचे ऐकिवात नाही. तथापि बोध स्पष्ट आहे. मुख्य जाळ्याला सदैव चिकटलेली प्रत ही संकटकाळची प्रत नव्हे.

देखरेखीचे सॉफ्टवेअरच घरभेदी ठरल्याचे उदाहरणही आहे. सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या ‘ओरायन’ या जाळे-व्यवस्थापन प्रणालीची दूषित आवृत्ती सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले. आणि जेथे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, तेथे नुसत्या चुकीने काय होते हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष दुरुस्तीने विंडोजवरील सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली आणि आपल्या विमानतळांवर प्रवासपत्रे हाताने लिहून देण्याची वेळ आली. बिघाड एका क्षणात दुरून पोहोचला, पण निवारणासाठी बहुतेक ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊनच बसावे लागले. येडशीच्या कचेरीत त्या दिवशी कोण आणि किती दिवसांनी आले असते, हा प्रश्न सॉफ्टवेअर घेण्याच्या दिवशीच विचारावयास हवा.

विकास सोसायट्यांच्या बाबतीत तर निवड गावाच्या हाती राहिलेलीच नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. नाबार्डमार्फत देशभर एकच समान सॉफ्टवेअर आणि त्याद्वारे जिल्हा व राज्य सहकारी बँकांशी जोडणी, असे त्याचे स्वरूप आहे. गटसचिवाच्या किर्द-खतावणीतील विलंब आणि कधी कधी हातचलाखी, यांवर हा उपाय आहे, आणि ज्याच्या नावावर न घेतलेले कर्ज दिसले असा शेतकरी या निर्णयाला विरोध करणार नाही. कुर्डुवाडीची चढउतार येथे टळते, हा लाभ लहान नव्हे. परंतु ३१ जुलै २०२४ रोजी काय झाले तेही ध्यानात ठेवले पाहिजे. सी-एज या एकाच सेवापुरवठादार कंपनीला खंडणीखोर हल्ल्याची बाधा झाली, राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला जाळ्यातून तोडले, आणि जवळपास ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांचे देयक व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते सुरळीत झाले. हेच पेरणीच्या तोंडावर आणि आठवडाभर झाले असते, तर पीककर्जाची वाट पाहणाऱ्याला पाऊस थांबून राहिला नसता.

म्हणून जेथे निवड अजून आपल्या हाती आहे, त्या पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांनी विक्रेत्याने दाखविलेल्या सुविधांच्या लांबलचक तक्त्याला भुलू नये. सर्वांत कमी दराची निविदा हा निकष तर येथे घातकच आहे, कारण खरा खर्च पहिल्या वर्षी नसून नूतनीकरणात दडलेला असतो. करार संपल्यावर आपली माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळणार की नाही, हे लेखी घ्यावे. ते मिळत नसेल तर संस्थेच्या नोंदी गहाण पडल्याच म्हणावयाच्या. दुरुस्ती आधी एका-दोन यंत्रांवर चालवून पाहण्याची आणि मग सर्वत्र नेण्याची सोय आहे काय? मुख्य अधिकार एकाच माणसाच्या परवलीच्या शब्दावर तर अवलंबून नाहीत ना? आज अनेक ठिकाणी तो शब्द सचिवाला नव्हे, तर संगणक विकणाऱ्या दुकानदाराच्या नोकराला ठाऊक असतो. संस्थेची तिजोरी असती तर हे कोणी खपवून घेतले असते काय?

जाळ्यापासून अलग ठेवलेल्या राखीव प्रतीचाही एक कसोटीचा मुद्दा आहे. ती प्रत असणे पुरेसे नाही. तिच्यावरून खाती पुन्हा उभी करून पाहिली, तरच ती आहे असे समजावे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. तेथे अहवालाच्या प्रती वाटल्या जातात, ताळेबंद वाचल्यासारखा वाचला जातो आणि चहापान होते. गेल्या वर्षात राखीव प्रतीवरून खाती कोणत्या तारखेला उभी करून पाहिली आणि ते काम कोणी केले, एवढे दोन प्रश्न त्या सभेत सभासदांना विचारता येतील. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा त्यांना अधिकार आहे.