जपून ठेवण्याचा अधिकार : पु-अर चहा आणि विदर्भाचे मोहफूल

१. चहाचा पुडा पंधरा वर्षे कपाटात विसरून राहिला, तर आपण तो नाक मुरडून टाकून देऊ. चीनच्या युन्नान प्रांतात मात्र त्याच पंधरा वर्षांनी चहाचे मोल वाढते. हा केवळ आवडीनिवडीचा भेद आहे का? आजच्या थ्रेडमध्ये नागपुरात बसून या प्रश्नाचा माग काढू. वाट चहापासून सुरू होईल आणि आपल्याच रानात येऊन थांबेल.

२. प्रथम पु-अरची ओळख. चहाचे झाड आसामी जातीचेच, मोठ्या पानांचे. पाने तव्यावर परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. मग वाफेने मऊ करून त्यांच्या चकत्या दाबतात. रूढ चकती ३५७ ग्रॅमची; अशा सात चकत्यांची चळत बांबूच्या वाळक्या सालपटात बांधतात. घोड्याखेचरांच्या तांड्यांवरून हा चहा तिबेटपर्यंत जात असे.

३. कच्चा पु-अर वर्षानुवर्षे हळूहळू मुरतो. हवेतला ओलावा, उष्णता आणि सूक्ष्म जीव हे त्याचे कारागीर. एवढी वाट पाहण्याची तयारी नसलेल्यांसाठी १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ओले ढीग रचून काही आठवड्यांत चहा मुरवण्याची रीत बसवण्यात आली. तो ‘पिकवलेला’ पु-अर. जाणकार हे दोन्ही प्रकार एका तागडीत तोलत नाहीत.

४. गेल्या हिवाळ्यात नागपुरात एका मित्राच्या घरी आम्ही तीन पेले शेजारी शेजारी ठेवून चाखले. पहिला मळ्यातला, नवा : तुरट, जिभेला ओढ लावणारा. दुसरा रानातल्या जुन्या झाडांचा : कडवट सुरुवात, पण घोट उतरल्यावर घशात मागाहून येणारी गोडी. तिसरा पंधरा वर्षे मुरलेला : तांबूस काळा, तुरटपणा गळालेला, ओल्या लाकडाचा गंध असलेला. झाडांचे व चहाचे वय विक्रेत्याने सांगितले तेच आम्ही प्रमाण मानले; या बाजारात तसे मानावेच लागते.

५. मित्राची आई मूळची गडचिरोलीकडची. तिसरा पेला नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, “याले त कोठीचा वास येऊन रायला बाप्पा. आमच्या मोहाले यायचा, तसाच.” मग स्वयंपाकघरातून त्यांनी वाळलेल्या मोहफुलांचा डबा आणला. माहेरच्या कोणत्या झाडाचे फूल खायला गोड, कोणत्याचे उग्र, यंदाचे आणि गेल्या सालचे फूल वेगळे का ठेवत, हे त्या सांगत राहिल्या. आमचा चहा निवून गेला.

६. युन्नानचा व्यापारी चकतीच्या वेष्टनावर जे छापतो, म्हणजे रान, झाड आणि साल, ते सारे काकूंना तोंडपाठ होते. तरी पहिल्या ज्ञानाला ‘रसिकता’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘गावठी गोष्टी’. असे का झाले, हा माझ्या मते इतिहासाचा प्रश्न आहे.

७. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. मांसल, फिकट पिवळी फुले रात्रभर गळतात आणि पहाटे माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. वाळल्यावर फूल मनुक्यासारखे तपकिरी होते. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ते भाजून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, गुरांना चारतात आणि गाळून मद्यही करतात. धान्य सरल्यावर कोठीतले मोह अनेक घरांचा आधार होत असे. गोंड समाजात जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी मोहाला मान असतो. पहिला थेंब पूर्वजांचा.

८. आता मुख्य मुद्दा. जुनी चव निर्माण होण्यासाठी आधी वस्तू जपून ठेवता यावी लागते. कोठारावर धाड पडणार नाही, ठेवलेले उद्या आपलेच राहील, ही खात्री असेल तरच माणूस ‘दहा वर्षांनी पाहू’ असे म्हणतो. पु-अर मुरला, कारण तो व्यापाऱ्यांच्या वखारीत आणि हाँगकाँगच्या चहागृहांच्या कोठारांत निर्धास्त पडून राहू शकला. मोहाला ती निश्चिंती मिळाली नाही.

९. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. मद्य गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेले, कर वाढला आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. तरीही रानात फूल फुकट पडतच होते. म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा करून फूल बाळगण्यावरच बंधने घातली गेली. येथे संशयित केवळ दारू राहिली नाही. झाडावरून गळणारे फूलही संशयित झाले.

१०. आपल्या नागपूरचे काय? १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. येथली देशी दारू मुख्यतः मोहाचीच. गाळण्या-विकण्याचे परवाने लिलावाने जात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक भागांत गावोगावच्या भट्ट्या हटवून ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांतून पुरवठा सुरू झाला. सरकारी दप्तरात मोह उरला तो महसुलाच्या रकान्यात. कोणत्या रानाचे, कोणत्या सालचे, हे विचारण्याचे त्या दप्तराला कारण नव्हते.

११. या कथेतला सर्वांत बोचरा तपशील विलायतेतला आहे. १९१५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की व्हिस्कीसारखे मद्य निदान दोन वर्षे कोठारात मुरल्यावाचून विकता येणार नाही. पुढच्याच वर्षी ही मुदत तीन वर्षे झाली. तेथे साठवण ही गुणवत्तेची अट झाली आणि त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला साठवण हा गुन्ह्याचा पुरावा होता.

१२. स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले, संशय राहिला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. मोहफुलांच्या व्यवहारावर त्यात निर्बंध होते. महाराष्ट्रात फुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध शिथिल झाले ते २०२१ मध्ये. परवान्याविना मद्य गाळणे आजही गुन्हाच आहे.

१३. गोंड घरांत मद्य वर्षानुवर्षे मुरवण्याची परंपरा होती, असा माझा दावा नाही. दावा एवढाच की तशी परंपरा रुजण्याची वाटच बंद झाली. जे लपून करायचे ते घाईने होते आणि जे घाईने होते ते पकडले जाण्याआधी विकावे लागते. अशा ठिकाणी चवीची भाषा वाढत नाही, भेसळ वाढते.

१४. यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकचळवळीतून आणि तिच्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. दारूने मोडलेली घरे त्यांनी पाहिली होती. नागपुरात तीन पेले मांडून बसलेल्या माझ्यासारख्याने त्यांना परंपरेचे धडे देऊ नयेत.

१५. म्हणूनच माझी मागणी भट्टीची नाही, फुलाची आहे. फूल आणि दारू यांना एकच मानणे ही वसाहती अबकारीची दृष्टी. ती आपण जशीच्या तशी वारशाने घेतली. फूल अन्न आहे, औषध आहे, देवाचा मान आहे आणि रोख उत्पन्नही आहे. त्याची प्रतवारी, त्याचे जुने-नवे, त्याचे रान यांची नोंद करायला दारूबंदी आड येत नाही.

१६. शेजारी पाहा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चीनने २००८ च्या राष्ट्रीय मानकात पु-अर हे नाव युन्नानशी बांधले. पण नाव मोठे झाले की हाव येते : २००७ मध्ये पु-अरचे भाव फुगले आणि कोसळले, तेव्हा अनेक लहान उत्पादक बुडाले. तेव्हा मोहाचे नाव मोठे होण्याआधी मालकी ठरलेली असावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. मोहाचे मानांकन कधी व्हायचेच असेल, तर ते अशा ग्रामसभांच्या हाती असावे, बाटली भरणाऱ्या कंपनीच्या नव्हे.

१७. इतिहासाच्या तरुण वाचकांनो, किल्ल्यांची आणि ताम्रपटांची नोंद तुम्ही आवडीने करता. या उन्हाळ्यात आणखी एक नोंद करा. घरात, गावात कोणी मोह वेचले असतील, तर झाडांची नावे, फुलांचे प्रकार, साठवण्याच्या रीती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सांगणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका.

१८. त्या दिवशी निघताना काकूंनी कागदात बांधून मूठभर फुले दिली. कोणत्या झाडाची, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “ते झाड आता नाही.” माझ्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.