ख्रिस्ती कॉलेजांत कुंभाराचा मुलगा

दोन वर्षांपूर्वीं आमच्या गांवचा एक कुंभार भर दुपारीं शाळेच्या ओसरीवर येऊन बसला. त्याचा मुलगा माझ्या हाताखालीं चार अक्षरें शिकून पुढें बारावी झालेला. शहरांतील एका ख्रिस्ती कॉलेजांत त्याला जागा मिळाली होती. बाप म्हणाला, "गुरुजी, गांव म्हणतंय, पोरगं बाटंल. धाडूं का नको?" मीं सांगितलें, "खुशाल धाडा."

असें सांगण्यास मला आधार होता. लोकांच्या सांगण्यावरून गोविंदराव फुले यांनींहि आपल्या जोतीबाला शाळेंतून काढून बागेच्या कामाला लावलें होतें. पुढें गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोघां भल्या माणसांनीं समजूत घातली, तेव्हां १८४१ सालीं तो मुलगा पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेला. १८४७ सालीं तो बाहेर पडला तो ख्रिस्ती होऊन नव्हे. दुसऱ्याच वर्षीं त्यानें मुलींची शाळा काढली. उलट, बाबा पदमनजी हे कासाराच्या घरचे, तेहि मिशनच्या शाळांत शिकले आणि १८५४ सालीं ख्रिस्ती झाले. दोघेहि आपापल्या बुद्धीनें चालले. शाळा विचार करावयास शिकविते. वाट ज्याची त्यानें धरावयाची असते.

शिवाय कायदाहि आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारनें मान्य केलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत कोणालाहि संमतीवांचून धर्मशिक्षण घ्यावयास अगर प्रार्थनेस बसावयास लावतां येत नाहीं. मूल अज्ञान असेल, तर पालकाची संमति लागते. आईबापांनीं हें गांठीं बांधून ठेवावें.

पहिल्या दिवाळीस मुलगा घरीं आला. मीं विचारलें, "काय रे, कोणी बाटविलें का?" तो हंसला. सकाळीं प्रार्थना होई. ज्याला बसावयाचें तो बसे, हा पुस्तकालयांत जाई. तेथें कपाटें उघडीं असत. हवें तें पुस्तक हातानें काढून घ्यावें, कोणी हटकीत नसे. मास्तर नांव विचारीत, गांव विचारीत. जात कोणी विचारली नाहीं.

एवढें सांगून तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, बापाचा धंदा मात्र विचारला. मीं सांगितलें, दुकान आहे."

पुढें आणखी कळलें तें असें. एके दिवशीं रसायनशास्त्राच्या मास्तरांनीं सांगितलें कीं, मातींत पाण्याचा अंश राहिला व आंच एकदम लागली, म्हणजे त्या पाण्याची वाफ होऊन भांडें फुटतें. मग त्यांनीं विचारलें, "तर कुंभार काय करतो?" सारा वर्ग मुका. आमच्या पोराला सर्व ठाऊक होतें. मातींत लीद व राख मिसळावी, मडकें सावलींत वाळवावें, आवा हळूहळू तापवावा. परंतु त्यानें तोंड उघडलें नाहीं. "तुला कसें ठाऊक?" असें कोणी विचारलें असतें तर?

वाचकहो, पाद्र्यानें पोर बाटविलें नाहीं. पण पोराला बापाचें चाक लपवावेसें वाटलें, हें बाटणें नव्हे काय?

मला कॉलेजाचा राग आला. तेथें सारें इंग्रजींत चाले. ह्याच्या बोलीला मुलें हंसत, आणि तें थांबविणारा कोणी नव्हता. हा दोष कॉलेजाचा खराच. परंतु रात्रीं मला झोंप लागेना. पाढे चुकले कीं भर वर्गांत "जन्मभर चाक फिरवशील" असें त्याला कोण म्हणालें होतें? मीच. कुणब्याच्या पोराला "ढोरें वळ", चांभाराच्या पोराला "जोडे शिव" हें कोण म्हणतें? आम्ही मास्तरच. ही लाज पोरानें शहरांत विकत घेतली नाहीं. ती आमच्या शाळेंतून शिदोरीसारखी बांधून नेली.

तेव्हां माझें सांगणें दोन तऱ्हेचें आहे. आईबापांनो, कॉलेज ख्रिस्ती आहे म्हणून भिऊं नका. जेथें चांगली विद्या मिळेल तेथें पोर धाडा, पोरगी धाडा. मात्र सुटींत तें घरीं आलें म्हणजे त्याला पाहुणा करून खाटेवर बसवूं नका. हाताशीं कामाला घ्या, आणि काय शिकलास तें आपल्या भाषेंत सांग म्हणावें. आणि मास्तरबंधूंनो, कोणाच्या बापाचा धंदा शिक्षा म्हणून तोंडांतून काढूं नका. मीं तें सोडलें आहे.

यंदाच्या दिवाळींत तो मुलगा बापाबरोबर आवा रचीत होता. वाफेची गोष्ट त्यानें बापाला समजावून सांगितली. बाप थोडा वेळ थांबून म्हणाला, "म्हणूनच आमचा म्हातारा पावसाळ्यात आवा लावत नव्हता."

मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीरावांनीं शेतकऱ्याचें दुःख शेतकऱ्याच्याच भाषेंत मांडलें. शिकलेलें पोर बापाच्या कामाकडे असें परत आलें, म्हणजे तें कोणत्या कॉलेजांत शिकलें याची चिंता उरत नाहीं.