दिवाळीच्या बोनसमधून बूस्ट विकत घेऊ नका

टर्बो-पेट्रोल गाडीच्या मालकांना, विशेषतः ज्यांनी ऑनलाइन मागवलेला बूस्ट कंट्रोलर किंवा ‘ट्यूनिंग बॉक्स’ अजून खोक्यातच ठेवला आहे त्यांना, एक कळकळीची विनंती आहे. तो रोजच्या गाडीला बसवू नका. ज्यांनी बसवून घेतला आहे त्यांनी पुढच्या लांबच्या प्रवासाआधी बॉनेट उघडावं. काय बघायचं ते खाली सांगितलं आहे.

विनंती आत्ताच का, तर पुढे थंडी आहे. स्वस्तातले बरेचसे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर डोळे मिटून काम करतात. त्यांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, सेकंदाला वीस-तीस वेळा उघडझाप करतो. त्यातला किती वेळ तो उघडा राहावा, हे आपण टक्क्यांत ठरवून देतो; त्यालाच ‘ड्युटी’ म्हणतात. प्रत्यक्षात बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, किती झाला, हे कंट्रोलर बघतच नाही. ऑक्टोबर हीटमध्ये, ३५ अंशांच्या दुपारी, ‘मस्त ओढतेय’ म्हणून आकडा कायम केला जातो. मग डिसेंबरात पहाटे गाडी नाशिककडे निघते. बाहेर दहा अंश असतात आणि हवा जवळजवळ नऊ टक्क्यांनी दाट झालेली असते. सेटिंग तेच राहतं, पण बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी घेतो. गाडी त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात पळते आणि मालक खूश होतो.

हे यंत्र करतं काय, ते एकदा नीट समजून घेऊ. टर्बो एक्झॉस्टच्या वायूंवर फिरतो, मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात. त्याला आवर घालणारी झडप म्हणजे वेस्टगेट. टर्बोने तयार केलेलाच थोडा दाब एका बारीक रबरी होसमधून ॲक्च्युएटरपर्यंत जातो, आतली स्प्रिंग दबते आणि वेस्टगेट उघडतं. कंट्रोलरचा सोलेनॉइड या होसच्या मध्ये बसतो आणि ॲक्च्युएटरकडे जाणारा थोडा दाब बाहेर सोडून देतो. म्हणजे ॲक्च्युएटरला दाब कमी भासतो, वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट चढत राहतो. थोडक्यात, टर्बोचा ब्रेक उशिरा लागावा अशी ही सोय आहे. आणि तो ब्रेक लागणं न लागणं करंगळीहून बारीक होसवर अवलंबून असतं. इंजिनच्या उष्णतेने ती कडक झाली, क्लिप नसल्याने निसटली किंवा एक्झॉस्टला टेकून वितळली, की वेस्टगेट उघडायला दाबच पोचत नाही. बूस्ट मग कुठपर्यंत जाईल याचा भरवसा नाही.

आता आकड्यांकडे बघा, कारण ‘फक्त पॉइंट दोन वाढवलाय’ हे वाक्य गॅरेजमध्ये फार सहज बोललं जातं. गेजवरचा ०.८ बार म्हणजे बाहेरच्या हवेचा एक बार धरून एकूण १.८. तो १.० केला की एकूण २.०. म्हणजे सिलिंडरमध्ये सुमारे अकरा टक्के जादा हवा आणि तेवढंच जादा पेट्रोल देण्याची गरज. वर उष्णता वेगळीच. चाळीस अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती १४० अंशांच्या आसपास पोचते. इंटरकूलर ती थंड करतो, पण कंपनीने तो कंपनीच्या बूस्टपुरताच दिलेला असतो. मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांत, एसी लावून, ट्रकच्या मागे रांगत असताना त्याला वाराही मिळत नाही.

सोलेनॉइडपेक्षाही मला जास्त धास्ती वाटते ती वायरिंगमध्ये खोचायच्या छोट्या डब्याची, म्हणजे ‘ट्यूनिंग बॉक्स’ची. आजच्या अनेक टर्बो-पेट्रोल गाड्यांत वेस्टगेट हवेच्या दाबावर नाही, इलेक्ट्रिक मोटरवर चालतं. तिथे सोलेनॉइड लावायला होसच नसते. म्हणून हे डबे दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या मध्ये बसतात आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, खोटा, कमी आकडा सांगतात. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो. पेट्रोल मात्र त्याच खोट्या आकड्याच्या हिशेबाने सोडतो. शंभर पानं बसलेली असताना आचाऱ्याला नव्वदच सांगायची, तसला हा प्रकार. बूस्ट हाताबाहेर गेला तर इंधन तोडून इंजिन वाचवायची सोय ईसीयूत असते. ती सोयही याच सेन्सरच्या भरवशावर असते. म्हणजे डबा बसला की पहिला आंधळा होतो तो राखणदार.

‘पण माझी गाडी सहा महिने चालतेय, काही झालं नाही,’ असं कोणी म्हणेल. म्हणणं खोटं नाही. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल थोडंफार वाढवतो, नॉक सेन्सरला खडखड ऐकू आली की इग्निशन मागे घेतो आणि सावरून नेतो. कंपनीने ठेवलेली राखीव जागा आहे ती. आपण ती रोज वापरतो आणि एक दिवस ती अपुरी पडते. गाडी माणसांनी भरलेली, दुपारची वेळ, पेट्रोल कुठल्या पंपावरचं कोण जाणे आणि पुढे खंडाळ्याचा चढ.

त्या चढाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. बहुतेक मालक कंट्रोलर घेतात ते टॉप स्पीडसाठी नाही, लॅग, म्हणजे बूस्ट यायला लागणारा उशीर, घालवण्यासाठी. खालच्या आरपीएमलाच बूस्ट हवा असतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांची दुखरी नस नेमकी तिथेच असते. साधारण दीड ते अडीच हजार आरपीएम, वरचा गिअर आणि पाय पूर्ण दाबलेला, अशा वेळी स्पार्क पडण्याच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तेलाचे सूक्ष्म थेंब आणि कार्बनचे कण त्याला निमित्त होतात. हे नेहमीच्या नॉकिंगसारखं नसतं. इग्निशन मागे घेऊन ते थांबत नाही, कारण पेटवणारा स्पार्क नसतोच. असे एक-दोन झटकेसुद्धा पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडायला पुरतात. कंपन्या कमी आरपीएमला बूस्ट मुद्दाम आवरतात तो यासाठी. आपण त्याला आळस समजतो आणि पैसे देऊन काढून टाकतो.

ज्यांच्या गाडीला कंट्रोलर आधीच आहे, त्यांनी हे करावं. डबा असेल तर काढा आणि मूळ सॉकेट परत जोडा. बहुतेक डब्यांचं काम दहा मिनिटांचं असतं. सोलेनॉइड असेल तर मूळ होस थेट ॲक्च्युएटरला लावून घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा आणि जुनी होस कडक वाटली तर बदला. काढायला वेळ लागणार असेल, तर तोवर ड्युटी शून्यावर आणा. जोडणी बरोबर असेल तर बूस्ट स्प्रिंगच्या मूळ आकड्यावर यायला हवा. गेजवर नजर ठेवून, हलक्या पायाने हे तपासा. आकडा तरीही चढत असेल तर सोलेनॉइड उलटा जोडलेला किंवा होस निसटलेली असू शकते. मग गाडी चालवू नका. स्पार्क प्लग काढून बघा. पांढऱ्या चिनी मातीवर चमकदार बारीक ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच काढा. तो दिवा मिसफायरसाठी लुकलुकतो. आणि चढावर खालचा गिअर टाका, त्यात कमीपणा नाही.

१०० ऑक्टेन पेट्रोल भरतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही सांगणं आहे. त्याने नॉकिंगला थोडी जागा मिळते. इंजेक्टर मोठे होत नाहीत आणि निसटलेली होस परत बसत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अडतो. वॉरंटीचं तर विचारूच नका.

हा छंदच वाईट, असं मला म्हणायचं नाही. ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणाऱ्याने बूस्ट जरूर वाढवावा. पण दाब स्वतः मोजून आवरणारा कंट्रोलर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, डायनोवर बसून त्या बूस्टसाठी केलेला इंधन आणि इग्निशनचा मॅप, आणि ठरलेल्या आकड्यापलीकडे इंधन तोडणारी मर्यादा, हे सगळं मिळून एक काम आहे. कंट्रोलर त्यातला सर्वांत स्वस्त तुकडा, म्हणून तोच एकटा विकला जातो.

शेवटचं मागणं गॅरेजवाल्यांकडे. गिऱ्हाईक डबा हातात घेऊन येतं आणि म्हणतं, ‘फक्त लावून द्या, बाकी मी बघतो.’ पाचशे-हजार मजुरीसाठी हो म्हणू नका. वाइडबँड आणि लॉगिंगची सोय नसेल तर स्पष्ट नकार द्या. तरीही ते दुसरीकडून लावून घेऊन तुमच्याकडे सर्व्हिसिंगला आले, तर जॉब कार्डवर ‘बाहेरचा बूस्ट कंट्रोलर बसवलेला आहे’ एवढं लिहून त्यांची सही घ्या आणि जाता जाता होसच्या क्लिपा तेवढ्या तपासून द्या.