कव्हरखालचा मायक्रोस्कोप

आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या दातांच्या बऱ्याच क्लिनिकांत आता मायक्रोस्कोप आहे. तो रोज वापरला जातोच असे मात्र नाही. एखाद्या कॅनालमध्ये फाइल मोडून राहिली की कव्हर निघते, थोडा वेळ मान वाकडी करून धडपड होते आणि 'यात काही दिसत नाही' म्हणत डॉक्टर पुन्हा लूप्स चढवतात.

दोष भिंगांचा नसतो. अपोथेकर आणि याको यांचा 'डेंटिस्कोप' हा दातांच्या कामासाठीचा मायक्रोस्कोप १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात ८ पट हे एकच वर्धन होते आणि दुर्बीण सरळ, न वळणारी. डॉक्टरलाच यंत्रापुढे वाकावे लागे. तो फारसा चालला नाही. आज दुर्बीण हवी तशी कलते, प्रकाश नजरेच्याच रेषेत पडतो, तरी आपण वाकतोच. कारण बसण्याची जुनी सवय आपण यंत्राबरोबर बदलत नाही. आधी स्टूल, मग पेशंटची मान, मग मायक्रोस्कोप, हा क्रम आपण उलटा लावतो.

दुसरी घाई वर्धनाची. वरच्या पहिल्या दाढेतला एमबी-टू कॅनाल शोधायला १६ पट लावावे, हे खरे. पण तिथे फोकसची खोली इतकी कमी की पेशंटने आवंढा गिळला तरी चित्र विरते. बहुतेक काम याहून कमी वर्धनातच होते. म्हणून सुरुवात अवघड केसने करूच नये. तपासणी, साधी फिलिंग, क्राउनच्या कडा हे आरशातून बघत करावे. आरसाही पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेलाच हवा, नाहीतर प्रत्येक कडा दुहेरी दिसते. आणि रबर डॅम नसेल तर श्वासाच्या वाफेने तोही धुरकटतो.

अमेरिकेत १९९८ पासून एंडोडॉन्टिक्सच्या पदव्युत्तर शिक्षणात मायक्रोस्कोपचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे बरेचसे शिक्षण एक-दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये, काढलेल्या दातांवर उरकते. काढलेल्या दाताला लाळ सुटत नाही. शिवाय वर्कशॉपला असिस्टंट सहसा कोणी नेत नाही. आपली नजर भिंगात असताना हातात नेमके इन्स्ट्रुमेंट ठेवायचे ते तिने.

तेव्हा विकत घेणाऱ्यांनी डीलरकडे एकच हट्ट धरावा: डेमो आपल्याच चेअरवर, आपल्याच असिस्टंटबरोबर आणि वरच्या डाव्या दुसऱ्या दाढेवर. शोरूममध्ये पुढचे दात सगळ्यांनाच छान दिसतात.